मनात धर, बोलू नगंस

बेलाची दोन पाने तांब्यात बुडवायची, एक झटका देऊन पाणी निथळवायचे, आणि समोरच्या माणसाकडे न बघता म्हणायचे, "मनात धर, बोलू नगंस." मग एक पान देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवायचे, एक डाव्या. दोन्ही हात मागे नेऊन पाठीशी बांधायचे, आपण काही ढवळाढवळ करीत नाही हे देवालाही दिसावे म्हणून. आणि थांबायचे. उजवे पान आधी पडले तर होय. डावे पडले तर नाही.

आमच्या गिरणगावातल्या शुक्रवार पेठेत आमच्या बोळाच्या टोकाला भैरोबाचे लहानसे देऊळ आहे. तिथल्या थोरल्या गुरवांची ही कौल लावण्याची रीत. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. ते एकदा माझ्या हातून लिहून झाले आहे, आणि ते कुठे लिहिले हे पुढे येईलच. आम्ही मुले त्यांना गुरवमामा म्हणत असू.

तुमच्याही पेठेत असा एखादा माणूस असेल. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने धट्टाकट्टा, आणि तरी आळीतल्या बायका त्याच्याविषयी लहान मुलाविषयी बोलावे तसे बोलतात. गुरवमामांना कोणता महिना चालू आहे ते सांगता येत नसे. वाटेत कोणी "घोंगडं झकास आहे हो" म्हटले, की ते घोंगडे त्याच्या अंगावर घालून उघड्या खांद्यांनी घरी येत. पण कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाची मुलगी सासरहून येऊन बसली आहे, हे त्यांना न सांगता ठाऊक असे. माणसे त्यांच्यासमोर मनात काहीतरी धरून उभी राहत, आणि मनातले चेहऱ्यावर येतेच. ते मात्र त्यातला एक शब्दही बाहेर जाऊ देत नसत.

एकदा कापडाचे एक बडे व्यापारी आले. पान पडले डावे.

"पुन्हा लाव," व्यापारी म्हणाले.

"न्हाई."

"दोन नारळ देतो की."

"चार द्या. देव त्योच हाय की."

व्यापारी तणतणत गेले. मामा मला म्हणाले, "मोठी माणसं. त्यास्नी न्हाई ऐकायची सवं नसती रं."

माझ्यापुरते सांगायचे तर मी मॅट्रिक झालो तेव्हा वडिलांचा विचार होता मला गिरणीत चिकटवून द्यावे. ते स्वतः तिथे मागावर होते आणि कामगार भरती करणारा जॉबर त्यांच्या ओळखीचा होता. आमच्या घरात कोणी कॉलेज पाहिलेले नव्हते. आई मला घेऊन देवळात गेली आणि डोळे मिटून उभी राहिली. पाने बराच वेळ पडेनात. मी उघड्या डोळ्यांनी बघत होतो. एवढ्याशा ओल्या पानाला आपले सगळे पुढचे आयुष्य चिकटले आहे, असे मला वाटत होते. उजवे पडले. मामा म्हणाले, "वैनी, काय धरलं हुतं ते धरलं. पर पोराचं त्वांड बघा. सकाळपासनं खाल्लेलं दिसत न्हाई."

मी पुण्याला गेलो तो असा.

आता मामांची खोड सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातून घडले. लोक अडल्यानडल्या वेळी कौल घेत. मामा सगळ्याचाच घेत. अंघोळ करू का? बाजारात जाऊ का? आणि दोन्ही वेळा, जेवू का? डावे पान पडले की ते भाकरी झाकून ठेवीत आणि भिंतीला टेकून बसत. कोणी आग्रह केला तर म्हणत, "देव नगं म्हणतुया." एकदा लागोपाठ तीन दिवस डावे पडले. चौथ्या दिवशी त्यांना घागर उचलवेना. तेव्हा माझी आई ताट वाढून घेऊन गेली. तिने ते आधी देवापुढे ठेवले, भोवती पाणी फिरवले आणि मग त्यांच्यासमोर सरकवले.

"वैनी, कौल न्हाई लावला अजून."

"प्रसादाला कौल नसतो, भाऊ. गप खावा."

मामांनी आधी देवाकडे पाहिले, मग ताटाकडे. मग म्हणाले, "व्हय की," आणि चारी भाकऱ्या खाल्ल्या. त्या दिवसापासून त्यांच्या पाळीत आई रोज एक ताट देवापुढे ठेवून येई.

पाळी म्हणजे काय तेही सांगायला हवे. देवळाची सेवा दोन चुलत घरांत वाटलेली होती. चैत्र ते भाद्रपद मामांची, आश्विन ते फाल्गुन त्यांच्या चुलतभावाची. त्यांना सगळे धाकले गुरव म्हणत. मोहोळजवळ देवाच्या दिवाबत्तीसाठी दिलेले एक शेत होते, तेही तसेच अर्धे अर्धे. आणि नियम असा की ज्याची पाळी, त्याचाच हात देवाला. त्यामुळे आश्विन लागला की मामांना आपल्या जेवणाचा कौल धाकल्या गुरवांकडून लावून घ्यावा लागे. धाकले गुरव चारचौघांत कुरकुरत, "काय ताप हाय बगा! येक मानूस, दोन येळचं जेवान, आन् मी देवाला दोन बारी इचारायचं. देव तरी किती येळा सांगंल?" लोक हसत. पण त्या सहा महिन्यांत मामांची तब्येत सुधारे. आई म्हणे, "धाकल्याच्या घरचं अन्न अंगी लागतं त्यांच्या."

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो आणि एका वकीलसाहेबांकडे कागदपत्रांच्या नकला करायला जाऊ लागलो. चौथ्याच दिवशी माझ्यासमोर एक अर्ज आला. थोरले गुरव दुर्बळ बुद्धीचे असून स्वतःचा व स्वतःच्या मिळकतीचा सांभाळ करण्यास असमर्थ आहेत. सबब जिल्हा कोर्टाने अर्जदारास त्यांचा पालक नेमावे. म्हणजे पाळी बारा महिने धाकल्यांची, शेत धाकल्यांचे, आणि मामांनी कुठे राहावे, काय करावे, तेही धाकल्यांनी ठरवायचे. मामांचे पूर्ण नाव मी पहिल्यांदा वाचले ते तिथे. आणि त्याची नक्कल माझ्याच हाताने केली.

"तू त्याच बोळातला ना?" वकीलसाहेब म्हणाले. "मग आठ दिवस लक्ष ठेव. तो काय करतो ते तारीखवार लिहून आण. पदरचं काही घालू नकोस. खरं तेवढंच."

मला, खरे सांगतो, अभिमान वाटला. मी तेव्हा कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो. जे दिसते ते निर्विकारपणे टिपावे, असे आम्हाला शिकवले होते. मी वही घेऊन देवळाच्या ओट्यावर बसू लागलो.

"काय लिवतूस रं?" मामांनी विचारले.

"अभ्यास आहे, मामा."

"कशाचा?"

"देवळाचा," मी म्हणालो.

"लिव, लिव. माझं बी नाव घाल की त्यात."

मी मान खाली घातली ती वर केली नाही. टिपण मात्र पूर्ण केले. "सोमवार. अंघोळीस कौल लावला. डावा. अंघोळ नाही. मंगळवार. महिना विचारला, 'पाळीचा' असे उत्तर. बुधवार. एका भिकाऱ्यास धोतर दिले. गुरुवार. दोन्ही वेळा कौल डावा, हाताने काही शिजवले नाही." आईच्या ताटाविषयी मी लिहिले नाही. मला 'तो काय करतो' एवढेच लिहायला सांगितले होते, आणि ताट आई ठेवीत होती. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. ही गोष्ट मी नंतर किती वेळा मनाशी म्हटली आहे!

जूनमध्ये कोर्ट उघडले तेव्हा मला राहवेना. सुनावणीच्या सकाळी मी वकीलसाहेबांना ताटाविषयी सांगितले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "तू लिहिलंस ते खोटं आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

मामा धुतलेले धोतर आणि लाल पागोटे घालून आले होते. आई आणि आळीतल्या दोघी बायका मागे उभ्या होत्या. जज्जसाहेब आपल्याकडचेच होते, ते मराठीतच विचारीत होते. त्यांनी माझे टिपण शांतपणे वाचले आणि ते कोणी लिहिले म्हणून विचारले. मी उभा राहिलो.

"गुरुवारी दोन्ही वेळा शिजवलं नाही. मग हा माणूस उपाशी राहिला का?"

मी वकीलसाहेबांकडे पाहिले. ते टेबलावरचे कागद चाळीत होते.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "माझी आई नैवेद्य ठेवते. मामा तो खातात. प्रसादाला कौल लागत नाही."

"किती वर्षं ठेवते?"

"मी शाळेत होतो तेव्हापासून."

"हे टिपणात का नाही?"

मी मागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिले. साहेबांनी टिपण बाजूला ठेवले. त्यांनी मामांकडे वळून विचारले, "हा अर्ज कशाचा आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"व्हय की. माजं समदं धाकल्यानं बगायचं, आसं हाय."

"तुम्हाला तसं हवं आहे?"

"मला नगं." मामांनी पागोटे सारखे केले. "पर देवानं उजवा दिलाय. मीच लावला हुता."

"कोणासाठी?"

"धाकल्यासाटी. चैतात माजी पाळी. त्यो आला, मनात धरून हुबा ऱ्हायला. मी म्हनलं, मनात धर, बोलू नगंस. उजवा पडला. मी म्हनलं, कर बिनघोर. ह्ये धरलं हुतं त्ये मला मागनं कळलं."

कोर्टात कोणीतरी हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी धाकल्या गुरवांना विचारले, "हे खरं आहे?"

"व्हय साहेब. त्याची पाळी हुती. दुसऱ्या कुनाचा हात देवाला कसा लागंल?"

"म्हणजे ज्याला काही समजत नाही असं तुम्ही म्हणता, त्यालाच कोर्टात ओढावं की नाही, हे तुम्ही त्याच्याकडूनच विचारून घेतलंत?"

धाकल्या गुरवांनी पागोटे काढून हातात घेतले. "त्याच्याकडनं न्हाई, साहेब. देवाकडनं. पर... त्याचा हात खरा हाय म्हनून."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितले. आपण काय बोलून गेलो, हे कळायलाच त्यांना थोडा वेळ लागला.

अर्ज नामंजूर झाला. या माणसाला मदतीची गरज आहे, पण ती त्याला शेजारापाजाऱ्यांकडून मिळते आहे, आणि ज्याचा हात सगळी पेठ खरा मानते त्याचे हात बांधण्याचे कारण कोर्टाला दिसत नाही, असा काहीसा निकाल होता. वकीलसाहेबांनी मला दुसऱ्या दिवशीपासून येऊ नकोस म्हणून सांगितले. मला त्याचे दुःख झाले नाही. मी जवळजवळ धावतच बोळात आलो.

मामा देवळाच्या पायरीवर बसले होते. समोर धाकले गुरव. मामांनी कमरेची देवळाची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

"मामा, हे काय?" मी म्हणालो. "आपण जिंकलो!"

"कोर्टानं न्हाई म्हनलं. पर देवानं व्हय म्हनलंय. कोर्ट काय देवाच्या वरचं हाय व्हय?"

"अहो, पण साहेबांनी तुम्हाला मोकळं केलंय. तुमचं तुम्हीच ठरवायचं आता."

"मग ठरिवलं की," मामा म्हणाले.

धाकले गुरव किल्ली हातात घेऊन बघत राहिले. कोर्टात हरलेला माणूस जिंकल्यावर कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिले. आनंद तर अजिबात दिसला नाही.

पुण्यात त्या वर्षी माझे मन लागले नाही. तर्कशास्त्राच्या तासाला मास्तर फळ्यावर अनुमाने लिहीत आणि मी वहीच्या कडेला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहीत असे. मामांनी ठरवले, की पानाने? पानाने ठरवले म्हणावे, तर मीही पानानेच कॉलेजात आलो होतो. मामांनी ठरवले म्हणावे, तर "मला नगं" असे ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. दोन्ही खरे होते. दोन खऱ्या विधानांतून काहीच निष्पन्न होत नाही, असे आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

दिवाळीत घरी आलो तर मामा अंगाने भरले होते. दोन्ही वेळा जेवत होते. मला बघून म्हणाले, "धाकल्याच्या हाताला डावा येतच न्हाई बग. देव त्याच्यावर लई खूश हाय."

मी दोन दिवस देवळात जाऊन बसलो. या वेळी वही नव्हती. धाकले गुरव कौल लावत. उजवे पान नुसते टेकवत, आणि डावे लावताना त्यांचा अंगठा ओल्या शेंदरात किंचित दबे. डावे पान मग संध्याकाळपर्यंत हलत नसे. माणसे खूश होऊन जात. मला संताप आला. गाभारा रिकामा झाल्यावर मी विचारले, "हे किती दिवस चाललंय?"

ते दचकले नाहीत. अंगठ्याचा शेंदूर धोतराला पुसत म्हणाले, "दादाच्या जेवनापायी शिकलो. धा-बारा वर्सं झाली. पयल्या पाळीला त्यो चार दिस उपाशी बसला हुता. माज्यानं बगवंना. मग दाबलं. आता कुनाचा बी लावला तरी अंगठा आपसूक दाबतो. काय करू, सांग की?"

मी घरी येऊन आईला सांगितले. मला वाटले होते ती चिडेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "मी ताटानं केलं, त्यानं अंगठ्यानं केलं," ती म्हणाली. "तू ते पण लिहायचं होतंस की तुझ्या वहीत."

पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. आईकडून ऐकली, आणि नंतर धाकल्या गुरवांकडून. फाल्गुनात मामांना ताप भरला. आठव्या दिवशी उतरला, पण अंगात काही उरले नव्हते. सकाळी भिंत धरत धरत ते देवळात आले.

"काय इचारायचंय, दादा? जेवायचं का?" धाकल्यांनी विचारले.

"मनात धरलंय," मामा म्हणाले. "लाव."

धाकल्यांनी पाने लावली. अंगठा नेहमीसारखाच दबला. उजवे पान लगेच पडले.

"बरं झालं," मामा म्हणाले. हसले, पडलेले पान उचलून कपाळाला लावले आणि खोलीत जाऊन निजले. दुपारी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा, पाळी धाकल्यांची असली तरी आजारी माणूस म्हणून, आई ताट घेऊन गेली. मामा गेलेले होते. धाकल्यांच्या घरून आलेले सकाळचे ताट उशाशी झाकलेले होते, तसेच. जेवणाविषयी त्यांनी विचारलेच नव्हते.

त्यानंतरच्या चैत्रात मी घरी आलो. देवळात पूर्वीसारखी गर्दी नव्हती, त्याचे कारण थोड्याच वेळात कळले. एक बाई पदर खोचून डोळे मिटून उभी होती. धाकल्या गुरवांनी पाने हातात घेतली, पण ती लावली नाहीत.

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "काय इचारतीस त्ये सांगितल्याबिगार मी पान लावत न्हाई. दादाचं न सांगता लावलं, त्ये बास."

बाई इकडेतिकडे बघत, लाजत, सुनेविषयी काहीतरी पुटपुटली आणि अर्ध्यातच निघून गेली. असे बरेच जण निघून जात, असे आई म्हणाली. सगळ्या पेठेसमोर मनातले बोलायला कोणाला जमते?

मग ते माझ्याकडे वळले. "तुला काय इचारायचंय?"

मला विचारायचे होते. त्यासाठीच मी पुण्याहून येताना वाटभर शब्द जुळवीत आलो होतो. त्या दिवशी मी ताटाविषयी आधीच लिहिले असते तर? मी कोर्टात बोललोच नसतो तर? किल्ली परत घ्या म्हणून मी मामांचे पाय धरले असते तर? एकही प्रश्न होय-नाहीचा नव्हता.

"बोल की," धाकले गुरव म्हणाले. हातातल्या पानांचे पाणी ठिबकत होते.

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. मग त्यांनी दोन्ही पाने तांब्यात परत टाकली. पाण्यावर ती एकमेकांना चिकटून गोल फिरत राहिली, आणि त्यांतले उजव्या खांद्यावरचे कोणते आणि डाव्यावरचे कोणते, हे आता कोणालाही सांगता आले नसते.